होल्टरवरून धोका कळतो का?

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, धाकट्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार) निघालीय, आता ४८ तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावा म्हणताहेत, त्यावरून पुढचा धोका खरंच कळतो का हो? आई रात्रभर झोपत नाहीये.

— कळतो ताई, पण नुसत्या होल्टरवरून नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सलग ३ किंवा जास्त ठोके मिनिटाला १२०च्या वर पडून ३० सेकंदांच्या आत थांबले तर त्याला एनएसव्हीटी म्हणतात. ते, भिंतीची जाडी, बेशुद्धी, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, असं सगळं धरून पुढच्या ५ वर्षांत हृदय अचानक बंद पडण्याच्या धोक्याचा अंदाज काढतात, मग आयसीडी (गरज पडली तर हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) लावायचं का ते ठरतं.

— माझ्या दिराचा पहिला होल्टर नॉर्मल होता, तरी डॉक्टर दर वर्ष-दोन वर्षांनी परत लावतात. भाऊ कधी बेशुद्ध पडला असेल तर नक्की सांगा हं, लपवू नका.

— थँक्यू, एकदा पडला होता, उद्याच सांगते.