विषय: फिलिप आयलंडचे पेंग्विन – आईबाबा आणि लहान मुलांसह

नमस्कार मंडळी,
आईबाबा डिसेंबरअखेर मेलबर्नला येताहेत. मुलं ३ आणि ७ वर्षांची. पेंग्विन परेड (अंधार पडल्यावर समुद्रातून बिळाकडे परतणारे पेंग्विन पाहायचा कार्यक्रम) एका दिवसात उरकते का, की मुक्काम करावा? तिकीट कुठलं काढावं? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालणं नको.
– एक नवीन सभासद

उत्तर १
नमस्कार,
उरकते, पण घरी पोचायला मध्यरात्र उलटते. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि पेंग्विन त्यानंतरच पाण्याबाहेर येतात. त्यात परतीचे १४० किलोमीटर. त्यापेक्षा बेटावरच्याच काउझ गावात मुक्काम करा, तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. जूनमध्ये सूर्यास्त पाचच्या पुढेमागे, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. पण तेव्हा पक्षी कमी आणि वारा हाडं गोठवणारा. उन्हाळ्यात पिल्लांना भरवायला आईबाप रोज किनाऱ्यावर येतात, म्हणून संख्या भरपूर. तुमची वेळ चांगलीच आहे.

साध्या तिकिटात किनाऱ्यासमोर पायऱ्यापायऱ्यांची काँक्रीटची बैठक मिळते. ‘पेंग्विन प्लस’मध्ये पक्षी आणखी जवळून दिसतात. बाबांसाठी मात्र ‘अंडरग्राउंड’च बघा: जमिनीखालच्या खोलीत काचेमागे, पेंग्विनच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि वारा लागत नाही. जागा मोजक्या, नाताळच्या सुट्टीत लवकर संपतात. तारीख ठरली की लगेच ऑनलाइन काढून ठेवा. परेडच्या पर्यटक केंद्रापासून किनाऱ्यापर्यंत लाकडी पायवाट आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी चालते. मात्र परतताना चढ लागतो, तो गुडघ्यांना जाणवेल.

– सहल समितीतून

उत्तर २
वरच्या पत्रात कपड्यांचं राहिलं. दुपारी ३५ अंश असले तरी रात्री तिथे थेट दक्षिणेकडचा समुद्री वारा असतो. जानेवारीतही जाकीट, कानटोपी, आणि बुडाखाली घालायला चादरीची जाड घडी हवीच, काँक्रीट गारठतं. पावसाची शक्यता असेल तर रेनकोट घ्या. छत्री उघडली की मागच्या रांगेला काही दिसत नाही.

खाणं गाडीतच उरका. तिखटमिठाच्या पुऱ्या बैठकीवर उघडल्यात तर सीगल आधी येतील. फोन खिशात ठेवा. परेडच्या वेळी फोटो आणि व्हिडिओ दोन्हींना मनाई आहे, फ्लॅश बंद असला तरी. उजेडाने पक्षी बिचकतात.

राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पाहिलेल्यांना आधीच सांगून ठेवा, हे त्यांच्या निम्म्याएवढेच. उंची सुमारे ३३ सेंटिमीटर, वजन किलोभर. पाठ निळसर. अंधारात पहिला थवा आला तर लाटेच्या फेसात खडे हलल्यासारखं वाटतं. ते दोन पावलं पुढे येतात, घाबरून पुन्हा पाण्यात पळतात, पुन्हा येतात. उघड्या वाळूवर शिकारी पक्ष्यांची भीती असते, म्हणून एकटादुकटा सहसा निघत नाही. नेमकं याच वेळी मूल उभं राहून ओरडलं की सगळे मागे फिरतात. तीन वर्षांच्याला मांडीवर घेऊन बसा.

– एक काकू

उत्तर ३
काकूंच्या पत्रात भर. बहुतेक लोक पहिले दोन-तीन थवे पाहून गाडीकडे पळतात, तिथेच चुकतात. खरी मजा परतीच्या पायवाटेवर! पेंग्विन शेजारच्या गवतातून हातभर अंतरावर तुरुतुरु चालत बिळाकडे जातात, अंधारात जोडीदाराला साद घालतात. एवढ्याशा पक्ष्याचा आवाज गाढवासारखा घोगरा. बाबांना सावकाश चालायला हेच चांगलं निमित्त.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोणी जाणार असेल तर एक लक्षात ठेवा: तेव्हा पिसं झडून नवी येतात. ती येईपर्यंत अंग पाण्यात भिजतं, म्हणून पक्षी सुमारे १७ दिवस समुद्रात न उतरता, उपाशीच किनाऱ्यावर बसून राहतो. बिळाबाहेर विस्कटलेला, फुगलेला पेंग्विन दिसला तर तो आजारी नाही. मुलांना हात लावू देऊ नका.

सील पाहायला नॉबीजला (बेटाच्या पश्चिम टोकाला) जायचं असेल तर परेडच्या आधी, उजेडी जा. संध्याकाळ व्हायच्या आतच तो रस्ता बंद करतात. गाडी नसेल तर अडचण आहे: काउझपर्यंत बस मिळते, पुढे परेडपर्यंत सार्वजनिक वाहन नाही.

आणि निघताना इंजिन सुरू करायच्या आधी वाकून गाडीखाली पाहा. तिथे पेंग्विन दडून बसतात. टॉर्चचा झोत मारू नका, नुसतं पाहिलं तरी पांढरं पोट दिसतं. पुढे बेटाबाहेर नेणाऱ्या पुलापर्यंत हळू चालवा, रस्त्यावर वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) येतात.
– आणखी एक सभासद