फिडल यार्डमध्ये पॉइंटांची शिडी नको, सरकता फलक हवा

रेल्वे प्रतिकृतीच्या मांडणीत फिडल यार्डचे काम नाटकातल्या विंगेसारखे असते: देखाव्यातून बाहेर पडलेली गाडी तेथे उभी राहते, तिचे डबे हाताने बदलले जातात आणि वेळ झाली की ती पुन्हा प्रवेश करते. या झाकलेल्या जागेत पॉइंटांची शिडी, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांची ओळ, बसवणे मला जागेची उधळपट्टी वाटते. एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा प्रवासी) डबा सुमारे २५६ मिमी आणि डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन सुमारे २०० मिमी भरते. म्हणजे चार डब्यांची गाडी सव्वा मीटरची झाली. सहा मार्गांसाठी पाच पॉइंट लागतात आणि मध्यम वळणाचा एक पॉइंट २१९ मिमीचा धरला, तर शिडीच एक मीटरहून लांब होते. बारा फुटी खोलीत मग देखाव्याला जेमतेम एका गाडीची लांबी उरते. याउलट सगळे मार्ग शेजारी शेजारी बसवलेला आणि ड्रॉवरच्या चॅनेलवर आडवा सरकणारा फलक हवा तो मार्ग मुख्य रुळासमोर आणतो, एकही पॉइंट मागत नाही. रूळ जुळवायला पितळी टॉवर बोल्ट लावले आणि त्यांतूनच वीज नेली, तर समोर आलेल्या मार्गालाच वीज मिळते. बाकीच्या गाड्या चुकून हलत नाहीत.

प्रतिसाद १
आपला हिशेब सर्व गाड्या सारख्याच लांबीच्या धरून केलेला आहे. शिडीतले पहिले मार्ग लांब आणि शेवटचे आखूड असतात. आखूड मार्गांवर मालगाडीचे चार वाघिणींचे तुकडे उभे करता येतात. शिवाय पॉइंट एका ओळीत न लावता झाडाच्या फांद्यांसारखे लावले, तर बरीच लांबी वाचते. माझा मुख्य आक्षेप मात्र पावसाळ्याचा आहे. मी स्वतः असा फलक बांधला होता. जुलैमध्ये प्लाय फुगला, रूळ अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकले आणि प्रत्येक गाडी सांध्यावर घसरू लागली. रुंदीचेही पाहावे. ५० मिमी अंतराने सहा मार्ग म्हणजे ३०० मिमीचा फलक, आणि तो २५० मिमी सरकणार. म्हणजे साडेपाचशे मिलिमीटर जागा कायम मोकळी ठेवावी लागते.

प्रतिसाद २
दोघांनीही कॅसेटचा, म्हणजे गाडीसकट उचलता येणाऱ्या रुळाच्या सुट्या तुकड्याचा, विचार केलेला नाही. प्लायच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन अँगल १६.५ मिमी अंतर ठेवून, एकमेकांना स्पर्श होऊ न देता बसवले की तेच रूळ होतात आणि तेच वीजवाहक. मुख्य रुळाशी जोडायला कागदाचे मोठे चिमटे पुरतात. गाडी न हाताळता कॅसेट उलटी फिरवता येते, आणि डब्यांवरचे नाजूक तपशील हाताळून तुटत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दोन्ही टोकांना अडसर मात्र हवाच. तो विसरला तर इंजिन थेट फरशीवर जाते. सव्वा मीटरची कॅसेट एकट्याने उचलणे अवघड आहे, म्हणून इंजिनासाठी तीनशे मिलिमीटरची वेगळी कॅसेट ठेवावी.

धागाकर्ता
फुगण्याचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु तो सामग्रीचा दोष आहे, रचनेचा नव्हे. मरीन प्लायला कडांसकट सर्व बाजूंनी वॉर्निश द्यावे आणि फलकाची चौकट ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची करावी. कॅसेटविषयी माझे मत अनुकूल आहे, पण लांब प्रवासी गाड्यांसाठी नाही.

प्रतिसाद ३
हा वाद लांब गाड्यांपुरताच आहे. नेरळ–माथेरान ही दोन फुटी मार्गाची गाडी ९ मिमी रुळावर उभारली, तर तिचे आखूड डबे आणि छोटे इंजिन यांना एका टोकाला खिळीवर फिरणारी रुळांची पट्टी पुरते. माथेरान स्थानक देखाव्यात घ्यावे आणि बोगद्याआडच्या पट्टीला नेरळ मानावे.

प्रतिसाद १
धातूची चौकट मला पटली. शेवटच्या स्थानकाच्या मांडणीत मीही ती करून पाहीन. परंतु माझा मार्ग वर्तुळाकार आहे, तेथे फलकाच्या दोन्ही टोकांना रूळ एकाच वेळी जुळावे लागतात आणि एकट्याने चालवताना मला दुसरे टोक दिसतही नाही. तेथे मी शिडीच ठेवणार आहे.