मदत हवी आहे : जुन्या व्हूव्रे वाइन चाखण्याआधी किती वेळ उघडून ठेवाव्यात?

फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील व्हूव्रे भागातल्या दोमेन ह्युएत या 1990 पासून बायोडायनॅमिक (सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार) पद्धतीने शेती करणाऱ्या उत्पादकाच्या तीन जुन्या पांढऱ्या वाइन आम्ही सहा जण एकाच संध्याकाळी चाखणार आहोत. त्या अशा : 2002 ची कोरडी ‘ल ओ-ल्यू’, 2002 ची अर्धगोड ‘ल माँ’ आणि 2005 ची गोड ‘क्लो द्यु बूर’. तिन्ही शेनँ ब्लाँ द्राक्षाच्या, म्हणजे नाशिककडच्या वाइनमुळे आपल्याला परिचित असलेल्या जातीच्याच आहेत. बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवलेल्या असून बुचे बाहेरून शाबूत दिसतात.

याआधी ‘ल ओ-ल्यू’ची अशीच एक जुनी बाटली आम्ही फ्रिजमधून काढून लगेच ओतली, तेव्हा तिला ओल्या लोकरीसारखा वास येत होता आणि आंबटपणाच पुढे होता, उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी चाखली, तर तीच मध आणि बिही (क्विन्स) फळाच्या सुगंधाने इतकी खुलली होती की पहिल्या दिवशीचे मत आम्हाला पूर्ण बदलावे लागले. म्हणून या वेळी ग्लासांतील तापमान 12 अंशांच्या आसपास ठेवायचे आणि कोरडीकडून गोडीकडे जायचे, एवढे निश्चित केले आहे. बाटल्या आदल्या दिवशी उघडणे मात्र शक्य नाही. सकाळी उघडता येतील.

ज्यांनी वीसेक वर्षे मुरलेली शेनँ चाखली आहे, त्यांनी कृपया सांगावे : सकाळी उघडून बाटलीतच ठेवणे पुरेसे होईल, की डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद भांड्यात) ओतावी, आणि ओतल्यास कोरडी व गोड वाइनसाठी किती तास ठेवावेत?