बाराशेचे हेल्मेट आणि अठरा हजारांचे हेल्मेट : डोक्याला नेमका काय फरक पडतो?

कृष्णाकाठ (सांगली)

माझा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने नुकतीच १५० सीसीची मोटरसायकल घेतली असून रोजचा त्याचा प्रवास चौदा-पंधरा किलोमीटरांचा आहे, आणि महिन्यातून एकदा तो महामार्गाने सांगलीला येतो, जे मला मुळीच आवडत नाही. गाडीबरोबर एक साधे हेल्मेट मिळाले होते, परंतु ते त्याच्या डोक्यावर इतके सैल बसते की मान हलवली तरी ते आपल्या जागी थांबून राहते. म्हणून आम्ही दोघे नवीन घेण्यासाठी दुकानात गेलो. तिथे आयएसआय चिन्हाचे फुल फेस (हनुवटीही झाकणारे) हेल्मेट बाराशे रुपयांना होते, पाच हजारांच्या आसपासची काही होती आणि एक परदेशी नाममुद्रेचे अठरा हजारांना होते. मी किमतीबद्दल विचारताच विक्रेत्याने "साहेब, मुलाच्या जिवाची किंमत करता का?" असे म्हटले. त्यापुढे काय बोलावे हे मला सुचले नाही, म्हणून काहीही न घेता आम्ही परतलो.

माझा प्रश्न भावनेचा नसून हिशेबाचा आहे. पंधरा पट पैसे मोजल्यावर अपघातात डोक्याचे रक्षण थोडे तरी अधिक होते का, आणि होत असल्यास ते कशामुळे? केवळ नावासाठी पैसे जाणार असतील, तर त्याच पैशांत मला इतरही काही घेता येईल.

ऐरण

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे. हेल्मेट हा माझा थेट विषय नसला, तरी त्यामागचे भौतिकशास्त्र तेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हेल्मेटमध्ये जीव वाचवणारा भाग म्हणजे बाहेरचे चकचकीत कवच नव्हे, तर त्याच्या आत असलेला थर्माकोलसारखा थर. डोके साडेसात मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने रस्त्यावर आदळते आहे असे समजा, सुमारे २.९ मीटर उंचीवरून खाली पडल्यावर हाच वेग येतो. उघडे डोके तीन-चार मिलिमीटरांत थांबले, तर मेंदूला गुरुत्वाकर्षणाच्या आठशे-नऊशे पटींचा झटका बसतो. तेच डोके तीन सेंटिमीटर थर चिरडत थांबले, तर हिशेबाने तो झटका शंभर पटींच्या आसपास येतो. प्रत्यक्षात थर एकसारखा चिरडत नाही, त्यामुळे आकडा याहून बराच वर जातो, पण हेल्मेटचे सारे काम या तीन सेंटिमीटरांत सामावलेले आहे, एवढे यावरून ध्यानात यावे. आता बाराशेच्या आणि अठरा हजारांच्या हेल्मेटमध्ये हा थर जवळपास सारख्याच जाडीचा असतो, कारण तो दुप्पट जाड केला तर हेल्मेट हंड्याएवढे होईल. कवचाचा फरक मात्र खरा आहे: स्वस्तात पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिक, महागात काचतंतू किंवा कार्बनतंतू. त्याने प्रामुख्याने वजन कमी होते.

थर किती कडक ठेवायचा हा यातला खरा वादाचा मुद्दा आहे, आणि तिथे किंमत कधीकधी उलटी फिरते. अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन ही १९५७ मध्ये एका मोटार-शर्यतपटूच्या अपघाती मृत्यूनंतर स्थापन झालेली संस्था असून तिचे प्रमाणपत्र दीर्घकाळ महागड्या हेल्मेटांची शान मानले जात असे. त्या मानकानुसार हेल्मेटच्या एकाच जागी दोनदा आघात करीत असत; दुसरा आघातही सोसावा म्हणून आतला थर अधिक कडक ठेवावा लागे, आणि कडक थर नेहमीच्या, मध्यम आघातात पुरेसा चिरडला जात नाही. २००५ मध्ये ‘मोटरसायक्लिस्ट’ या अमेरिकी मासिकाने काही हेल्मेटांच्या चाचण्या करून घेतल्या, तेव्हा केवळ सरकारी मानकाचे, शंभर डॉलरांच्या आतले एक हेल्मेट डोक्यापर्यंत सर्वांत कमी झटका पोहोचू देते असे दिसले आणि कितीतरी महाग स्नेल-प्रमाणित हेल्मेटे त्याच्या मागे पडली. पुढे स्नेलने २०१० च्या मानकात आपल्या मर्यादा खाली आणल्या, म्हणून आज तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००७ मध्ये ‘शार्प’ नावाची योजना सुरू केली. तीत प्रत्येक नमुन्याची सात हेल्मेटे घेऊन ३२ आघात केले जातात आणि एक ते पाच तारे दिले जातात. तिथेही पन्नास-साठ पौंडांच्या काही हेल्मेटांना पाच तारे मिळाले, तर कित्येक पटींनी महाग असलेली काही हेल्मेटे तीनवरच थांबली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, खरे प्रमाणपत्र ही एक पायरी आहे आणि तिच्याखाली उतरू नये. पण त्या पायरीच्या वर किमतीच्या प्रमाणात संरक्षण वाढत जात नाही.

घाटवाटसरू

‘ऐरण’ यांचे म्हणणे प्रयोगशाळेपुरते मला पूर्ण मान्य आहे. तथापि, हेल्मेट प्रयोगशाळेत घालून कोणी बसत नाही. मी गेली अकरा वर्षे दूरचे प्रवास करतो. आधी स्वस्त, मग मध्यम आणि आता महाग असे तिन्ही प्रकार माझ्या डोक्यावरून गेले आहेत. पावसाळ्यात आंबोली घाटात स्वस्त हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली की ती वर करावी लागते, मग पावसाचे थेंब डोळ्यांत सुयांसारखे टोचतात आणि समोरची एसटी तोंडाशी आल्यावर दिसते. ताशी ऐंशीच्या वेगाने चार तास वाऱ्याचा घोंगाट ऐकल्यावर मन बधिर होते; मान आखडल्यावर माणूस आरशात बघण्याचा कंटाळा करू लागतो. अपघात घडूच नये यासाठी जे पैसे लागतात, ते संरक्षणाच्या खात्यात का धरू नयेत?

शिवाय महागड्या कंपन्या एकाच नमुन्यासाठी तीन-चार आकारांची कवचे बनवतात. स्वस्त हेल्मेटमध्ये पुष्कळदा कवच एकच असते आणि लहान डोक्यासाठी आतली गादी तेवढी जाड केली जाते. त्यामुळे लहान चणीच्या माणसाला डोक्यावर घमेले घेतल्यासारखे वाटते. हा फरक दुकानातल्या आरशातसुद्धा दिसतो.

एक सूचना मात्र किमतीपलीकडची आहे. मुलगा कितीही हट्ट करो, अर्धे किंवा तोंड उघडे ठेवणारे हेल्मेट घेऊ नका. अपघातग्रस्त हेल्मेटांवर आघात कुठे बसले होते याचा अभ्यास जर्मनीत डीटमार ओटे यांनी केला होता, आणि त्यात सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीसमोरच्या कवचाच्या भागावर आढळले. अठरा हजारांचे उघडे हेल्मेट त्या जागी काहीच करू शकत नाही. बाराशेचे फुल फेस निदान मध्ये उभे राहते.

पेठकर

सगळे पटले, पण मग बाराशे तरी का द्यायचे? आमच्या रस्त्यावर साडेतीनशेला मिळते आणि त्यावरही आयएसआयचा शिक्का असतोच. पोलिसाने अडवले की डोक्यावर काहीतरी आहे एवढे त्याला दिसले म्हणजे झाले. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली, तेव्हा निम्म्या शहराने याच हिशेबाने खरेदी केली होती.

सीमावासी (बेळगाव)

‘पेठकर’, उपरोध समजला, तरीही कोणी तो खरा मानू नये म्हणून उत्तर देतो. आमच्या बेळगावात हेल्मेटचा मोठा कारखाना आहे आणि मी स्वतः काही वर्षे हेल्मेटच्या दुकानात बसलो आहे. साडेतीनशेच्या हेल्मेटात थर्माकोल असलाच तर पॅकिंगच्या खोक्यातला असतो, तसा ठिसूळ. काहींत नुसता फोम. अंगठ्याने दाबून तो स्पंजासारखा आत गेला, की ते हेल्मेट नव्हे, टोपी आहे असे समजावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्हाखेरीज हेल्मेट बनवणे वा विकणे कायद्याने बंद आहे, परंतु शिक्का छापायला फारसा खर्च येत नाही. म्हणून चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसते. दुकानदार याला हरकत घेऊ लागला, तर उत्तर मिळाले असे समजून बाहेर पडावे.

आता माझाच एक मूर्खपणा सांगतो. मी चांगले, प्रमाणित आणि बऱ्यापैकी महाग हेल्मेट घातले होते, पण उकाड्यामुळे पट्टा सैल सोडला होता. निपाणीजवळ वाळूवरून गाडी घसरली, मी पडण्याआधीच हेल्मेट सुटून रस्त्याकडेच्या चरात गेले आणि कानामागे सात टाके पडले. त्या दिवशी माझ्या डोक्यावर असलेल्या हेल्मेटची किंमत शून्य रुपये होती.

‘कृष्णाकाठ’, मुलाचे सैल हेल्मेट कितीही चांगले असले तरी आधी बदला. भुवयांच्या वर बोटभर आणि मागच्या बाजूला सर्वांत फुगीर भागावरून टेपने घेर मोजावा. नवीन हेल्मेट घातल्यावर गालांवर इतका दाब हवा की बोलताना गाल दातांखाली येतील. कपाळावर मात्र एका जागी टोचता कामा नये. पट्टा बांधून मागच्या खालच्या कडेला धरून हेल्मेट पुढच्या बाजूने उपसण्याचा प्रयत्न करावा. ते निघाले, तर आकार चुकला. महिन्या-दोन महिन्यांत गाद्या थोड्या दबतात, म्हणून पहिल्या दिवशी ‘आरामशीर’ वाटलेले हेल्मेट पुढे डोक्यावर फिरू लागते. दुकानात सर्वांत जास्त विकले जाते ते नेमके असेच, एक माप मोठे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच हजारांच्या हेल्मेटावर आयएसआयबरोबरच ‘ईसीई २२.०६’ असे लिहिले होते, बाराशेच्या हेल्मेटावर ते नव्हते. हा फरक किमतीत धरण्याजोगा आहे, की तीही सजावटच?

ऐरण

धरण्याजोगा आहे, आणि मी असतो तर जास्तीचे पैसे याच ठिकाणी मोजले असते. ईसीई हे युरोपात वापरले जाणारे संयुक्त राष्ट्रांचे मानक आहे. त्याच्या जुन्या २२.०५ आवृत्तीत मुख्य आघात साडेसात मीटर प्रतिसेकंद वेगाने घेतला जात असे. २२.०६ मध्ये त्याखेरीज अधिक वेगाचा आणि कमी वेगाचा असे दोन्ही आघात घेतात, त्यामुळे केवळ जोरदार आघातासाठी थर कडक करून निभावता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४५ अंशांच्या तिरप्या ऐरणीवर हेल्मेट आपटून आतले डोके किती जोराने गरगर फिरते तेही मोजतात, जे २२.०५ मध्ये मोजले जात नव्हते. खऱ्या अपघातात डोके बहुधा तिरपेच आदळते, आणि मेंदूला हिसका बसून होणारी इजा कवटी न फुटताही होते. हा मजकूर हेल्मेटवर रंगीत स्टिकरच्या रूपात नव्हे, तर पट्ट्याला शिवलेल्या पांढऱ्या फितीवर असतो. वर्तुळातले इंग्रजी ई अक्षर, त्याशेजारी देशाचा आकडा आणि खाली ०६ ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्या.

‘घाटवाटसरू’ यांच्या मुद्द्याला मी विरोध केला असे वाटू नये. काचेवर वाफ न धरणे हे संरक्षणच आहे. फक्त काचेला आतून लावायची वाफरोधक फिल्म स्वतंत्रपणेही मिळते आणि मधल्या किमतीच्या अनेक हेल्मेटांना ती बसते, तिच्यासाठी अठरा हजारांपर्यंत जावे लागत नाही.

आणि मुलाला दोन गोष्टी बजावून सांगा. पॉलिकार्बोनेटच्या कवचाला थिनर, पेट्रोल किंवा भलतासलता रंग लावू नये, त्याने प्लास्टिक आतून कमकुवत होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरे म्हणजे हेल्मेट गाडीच्या आरशावर अडकवून ठेवू नये. आरशाच्या टोकाने आतल्या थराला खळगा पडतो, आणि तो थर एकदा दबला की पुन्हा उसळून येत नाही. याच कारणाने एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसले तरी बदलावे लागते. पाच हजारांचे हेल्मेट बदलताना माणूस जितक्या सहज मन घट्ट करतो, तितके अठरा हजारांच्या बाबतीत करीत नाही, असे मी पाहिले आहे.

सीमावासी (बेळगाव)

एक राहिले. मुलगा मित्रांना मागे बसवतो का? २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ज्या ५०,०२९ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला, त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते, असे रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो.

कृष्णाकाठ (सांगली)

बसवतो. त्याच्या खोलीतला सोबती रोज त्याच्याच गाडीवरून महाविद्यालयात जातो आणि त्याच्याकडे हेल्मेट नाही, हे तुमचा प्रश्न वाचून आत्ताच फोन केल्यावर मला कळले. म्हणून पाचच्या आसपासचे, २२.०६ ची फीत असलेले फुल फेस मुलाला आणि बाराशेचे आयएसआयचे फुल फेस त्या मुलाला, असे ठरवले आहे. अठरा हजारांतले बरेचसे उरतात. मुलाने टेप नसल्यामुळे चार्जरच्या वायरने मोजून ५७ सेंटिमीटर घेर कळवला आहे, पण त्यावर विसंबून मी येथून काही पाठवणार नाही. येत्या रविवारी स्वतः पुण्याला जाऊन दोघांनाही दुकानात पंधरा-वीस मिनिटे हेल्मेट घालून उभे करीन, विक्रेता काहीही म्हणो.