सह्याद्री केला म्हणजे कलालाऊ खिशात?

वाटसरू

आमच्या जुन्या ट्रेक ग्रुपवर परवा एका दादांनी काउआई बेटाचं वर्णन टाकलं. हवाईतला नापाली किनारा, कलालाऊची वाट. सारांश असा: ही वाट म्हणजे समुद्राकाठचं अंधारबन (ताम्हिणीजवळची आपली जंगलवाट), अमेरिकन लोक उगाच बाऊ करतात, दिवसाला ९०० माणसांची मर्यादा हे सरकारी नाटक, आणि कळस म्हणजे, "हनाकापीआईचा ओढा फुगला होता, गोरे तासभर काठावर बसून होते, आम्ही सह्याद्रीवाले हातात हात घालून पाच मिनिटांत पार!" खाली अंगठेच अंगठे.

तिथे लिहिलं असतं तर "ताई, पॉझिटिव्ह राहा" ऐकावं लागलं असतं, म्हणून इथे, या मंचावर.

मी त्या वाटेवर तीनदा गेले आहे, त्यातल्या एकदा शेवटपर्यंत. एका बाजूचे अठरा किलोमीटर, पाच दऱ्यांमधून वर-खाली. अंधारबनात ओढ्यात पाय सुटला तर पुढे कुठेतरी झाडाला, दगडाला अडकायची थोडी तरी आशा असते. हनाकापीआईला वाट ओढा ओलांडते तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. वाहून गेलात की थेट लाटांत, आणि हिवाळ्यात त्या लाटा घरावरून जातील एवढ्या. शिवाय दरी आखूड आणि उभी. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, वर डोंगरात सर पडते आणि घोट्यापर्यंतचं पाणी बघता बघता कमरेला लागतं. उतरतंही तसंच लवकर, म्हणून तर ते "गोरे" बसले होते! एकदा शंभरावर लोक तिथे रात्रभर अडकले होते, सकाळी हेलिकॉप्टरनं काढावे लागले.

आणि त्या हातांच्या साखळीचं कौतुक मला सांगू नका. २०२४ च्या जून अखेरीला भुशी धरणामागच्या धबधब्यात ते कुटुंब एकमेकांना धरूनच उभं होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय.

कोकणकडा

ते दादा मीच. ताईंनी नाव घेतलं नाही, आभार.

पाणी फुगलं होतं म्हणजे गुडघ्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत! मी तीस वर्षं पावसाळ्यात हिंडतोय. पाण्याचा रंग बघून, खालचे दगड वाजतात का ऐकून मग पाऊल टाकलं. काठावर बसलेल्यांतले निम्मे चपला घालून आले होते, त्यांनी बसावंच. अनुभव नावाची गोष्ट असते की नाही? भुशीचं उदाहरण देऊन रडवायचं आणि वाद जिंकायचा, ही पद्धत जुनी झाली.

मर्यादेबद्दल मी म्हटलं त्यावर ठाम आहे. तीस दिवस आधी बुकिंग उघडतं आणि पार्किंगच्या जागा डोळ्यांदेखत संपतात. हनाकापीआईच्या पुढे जायला वेगळं परमिट, तेही मिळालं नाही. आयुष्यात एकदा येणाऱ्या माणसानं काय करायचं? तिथल्या रहिवाशांना मात्र ओळखपत्र दाखवलं की फुकट. डोंगर कोणाच्या बापाचा?

तात्या खोपोलीकर

डोंगर कोणाच्या बापाचा ते आमच्याकडच्या वनखात्याला विचारा. "उपद्रव शुल्क" अशी पावती फाडतात. वीस-तीस रुपयांचं दुःख नाही हो, पण मी उपद्रव? चाळीस वर्षं गडावरचा कचरा खाली आणतोय! पावतीवर शब्द बदला म्हणून तीन अर्ज केले, उत्तर नाही. हवाईत निदान "प्रवेश शुल्क" तरी म्हणत असतील.

अळूवडी

तात्या, म्हणतात. माणशी पाच डॉलर.

मी होनोलुलूत अकरा वर्षं आहे, त्यामुळे "डोंगर कोणाच्या बापाचा" वाचून चहा सांडला. कोकणकडा, तिथे हा प्रश्न विचारायचा नसतो, कारण त्याचं उत्तर आहे. १८९३ मध्ये हवाईच्या राणीला पदच्युत करून राज्य घेतलं. कलालाऊच्या दरीत गावं होती, अळूची खाचरं होती. तुमच्या वाटेवर गवतात दगडी बांध दिसले असतील, ते गाईगुरांसाठी नव्हते, ती खाचरं. अळू म्हणजे त्यांच्याकडे भात. त्यांच्या कथेत तर अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आपण त्याला बेसन लावून तळतो हे मी तिथे कोणाला सांगितलेलं नाही.

९०० चा आकडा कुठून आला तेही ऐका. आधी वाट सुरू होते त्या रस्त्याच्या टोकाला दिवसाला दोन हजारांवर लोक यायचे, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, रुग्णवाहिका जायला जागा नाही. एप्रिल २०१८ मध्ये जवळच्या वाइपा इथे चोवीस तासांत १२६२ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ झाला होता, त्यावरून अंदाज करा. दरडी कोसळल्या, रस्ता वर्षभर बंद, फक्त पलीकडच्या गावकऱ्यांना ताफ्यानं सोडायचे. जून २०१९ मध्ये उघडलं ते मर्यादेसकट. त्या वर्षभरात गावकऱ्यांना पहिल्यांदा आपला किनारा रिकामा दिसला. पार्किंगचं आणि बसचं काम आता तिथल्याच लोकांची संस्था बघते, हीच मंडळी जुनी खाचरं पुन्हा लावतात. तुमचे पाच डॉलर अळूला गेले असं समजा.

कोकणकडा

अळूबद्दल माहिती नव्हती. छान. पण कास पठारालाही ऑनलाइन बुकिंग आहे, म्हणून तिथली फुलं सुखी झाली का? गर्दी आवरली की पर्यटन फक्त पैसेवाल्यांचं होतं एवढाच माझा मुद्दा.

बूटकाका

सगळे मुद्दे बाजूला ठेवा. कोकणकडा, पायात काय होतं?

कोकणकडा

ॲक्शनचे बूट. नेहमीचेच. का?

बूटकाका

वाटलंच होतं. मी २०२२ मध्ये मुलाबरोबर गेलो होतो. मुलानं महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊन दिले, वरून घोट्यापर्यंत चामडं. पहिल्या ओढ्यात पाणी वरून आत शिरलं आणि वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेर येईना! दोन दिवस दोन बादल्या पायात घेऊन चाललो. तळपायाची कातडी सोलून निघाली. ॲक्शन असते तर दहा पावलांत निथळले असते.

सोंडाई

काहीच्या काही. ॲक्शनचा तळ ओल्या कातळावर धरतो, मान्य. पण तिथे कातळ आहे कुठे? तो लाल चिखल आहे, साबणासारखा. त्यावर खोल नक्षीचा तळच लागतो. आणि सातव्या मैलाजवळची ती आडवी चाल, खाली थेट समुद्र, तिथे माझ्या नवऱ्याचा एक पाय घसरला होता. पायात तुमचे लाडके ॲक्शन. तेव्हापासून आमच्या घरात तो ब्रँड बंद.

बूटकाका

नवरा घसरला त्यात बुटाचा काय दोष?

सोंडाई

काका, तुमची कातडी सोलली त्यात माझ्या नवऱ्याचा काय दोष?

घसारा

दोघंही थांबा. दगडाबद्दल थोडं, कारण तिकडचा लाव्ह्याचा काळा दगड म्हणजे "आपलाच बेसॉल्ट" हे ऐकून कंटाळा आलाय. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काउआई जेमतेम पन्नास लाखांचं. वयानं आपला म्हातारा, पण त्याचे जाड थर अजून ठणठणीत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बोटं रुतवून बसता येतं. तिकडचे लाव्ह्याचे थर पातळ, सच्छिद्र, आणि त्या पावसात कुजून गेलेले. हाताला धरलेला दगड हातातच येतो. म्हणून तिथे धरायचं नाही, तोल पायावरच ठेवायचा. अलंग-मदन-कुलंगसारखे कातळचढाईचे गड केलेला माणूस तिथे जास्त धोक्यात, कारण त्याचा हात सवयीनं आधी दगडाकडे जातो. माझा गेला होता. डाव्या खांद्याला अजून पावसाळा कळतो.

तात्या खोपोलीकर

हंटर शूज कोणी वापरत नाही का आता? दोनशे रुपयांत राजमाची, लोहगड, सगळं केलंय.

बूटकाका

तात्या, हंटरची गोष्टच वेगळी. पण हल्लीच्या हंटरचा रबर पूर्वीचा नाही.

सोंडाई

झालं. आता पन्नास प्रतिसाद रबरावर.

अळूवडी

बुटांवर आलाच आहात तर कामाचं सांगते. बूट कोणतेही असोत, तळ घासलेत का? वाटेच्या तोंडाशी ब्रश लावलेले असतात ते शोभेला नाहीत. ओहिया म्हणून तिकडचं मूळचं झाड आहे, लाल फुलांचं, ताज्या लाव्ह्यावरही उगवतं. त्याला एका बुरशीनं धरलंय. हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर दहा लाखांहून जास्त झाडं गेली, २०१८ मध्ये ती बुरशी काउआईवरही सापडली. बुटाला चिकटलेल्या मातीतून जाते. माती घासून काढायची, वर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल फवारायचं. दोन मिनिटांचं काम.

बूटकाका

अल्कोहोलनं सोलचा डिंक सुटत नाही का?

अळूवडी

काका...

कोकणकडा

ब्रश दिसला होता. रांग होती म्हणून पुढे गेलो. हे कबूल करतो, खूश? पण एक सांगा, रानडुकरं तिथे जंगलभर मोकाट माती उकरत फिरतात, झाडांच्या साली सोलतात. त्यांना कोणी ब्रश लावतं का?

वाटसरू

डुकरांना कुंपण घालतात, दादा. माणसांना पाटी लावून भागेल असं त्यांना वाटलं, तिथे चुकलं.

बाय द वे, डुकरांवरून आठवलं. त्या ओढ्यांवर लेप्टोच्या, म्हणजे जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या आजाराच्या, पाट्या आहेत. लेप्टो म्हणजे सिंधुदुर्गात भातलावणीच्या वेळी होणारा आजार एवढंच मला माहीत होतं. पायाला जखम असेल तर मांडीभर पाण्यातून...

कोकणकडा

गुडघा!! किती वेळा सांगू? आणि लेप्टो मला शिकवू नका, माझे काका त्यातच गेले, कणकवलीला. मला वाईट वाटलं म्हणून नाही, पण तुम्ही घरबसल्या माझ्या पाण्याची खोली वाढवताय.

वाटसरू

काकांबद्दल खरंच वाईट वाटलं. लेप्टोचं मागे घेते. खोली मात्र मी वाढवलेली नाही. ग्रुपवरच्या तुमच्या अल्बममधला सातवा फोटो बघा, साखळीतले तिसरे गृहस्थ, निळा टी-शर्ट.

कोकणकडा

बघितला. पाणी मांडीपर्यंत दिसतंय. तो माझा मेव्हणा, तो बुटका आहे.

सोंडाई

म्हणजे पाणी प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे धोकादायक. आलं लक्षात.

कोकणकडा

ठीक आहे, त्याला काठावर ठेवायला हवं होतं. बायकोही तेच म्हणाली, तिथेच म्हणाली, पाण्याच्या मधोमध. साखळीबद्दलचं ते वाक्य ग्रुपवरून काढतो. परमिटबद्दलचं काढणार नाही. अंधारबनाबद्दलचंही नाही.

वाटसरू

अंधारबनाबद्दलचं राहू द्या. तेवढं मलाही तिथे चालताना वाटलं होतं, पहिले दोन किलोमीटर.

बूटकाका

धागा निवळला असेल तर विचारतो. ॲक्शनचा अकरा नंबर पुण्यात कुठे मिळतो? लक्ष्मी रोडच्या दुकानात दहाच्या पुढे नाही म्हणाले.