काठीच्या राजवाडी होळीला जाताना

प्रश्न: नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी येथील होळी पाहण्याची आम्हा तिघांची इच्छा आहे. बाहेरच्यांनी तेथे कसे वागावे आणि छायाचित्रे घ्यावीत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर: अवश्य जा, पण एका संध्याकाळात परतण्याचा बेत नसावा. ढोलांच्या तालावर रात्रभर नृत्य चालते आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. त्यामुळे मध्यरात्री निघून येणाऱ्याला मुख्य विधीच दिसत नाही. शक्य असल्यास होळीआधीचा भोंगऱ्या बाजारही पाहा. मोलगीचा बाजार जवळच आहे.

दुसरे उत्तर: मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेची नक्षी आणि कमरेला घुंगरू व सुके दुधी भोपळे बांधलेले बावा-बुध्या (नवस फेडण्यासाठी असा वेश करून नाचणारे) पाहताच लोक कॅमेरे पुढे करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ही वेशभूषा नवसाची असते. नवस करणारे कित्येक दिवस जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात आणि कडक नियमांनी राहतात. म्हणून त्यांना स्पर्श करणे किंवा छायाचित्रासाठी थांबवणे टाळावे. स्त्रियांचे छायाचित्र विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आम्ही पहाटेपर्यंत थांबू आणि कॅमेरा एकच नेऊ.