बीमची डेप्थ कमी करून सळई वाढवली तर चालतं का?

पाटणचा_पावसाळी:
नमस्कार मंडळी. पाटणजवळ गावी घराचं काम चालू आहे. हॉल ५ बाय ६ मीटर, मधोमध ५ मीटरचा एक बीम, वर गच्ची. इंजिनियरने बीम २३० बाय ४५० मिमी दिलाय, एम२५ प्रतीचं काँक्रीट, खाली १६ एमएमच्या ४ सळ्या. सेंट्रिंग लागल्यावर स्लॅबखाली १३ इंच लोंबणारा बीम घरच्यांनी बघितला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. ठेकेदार म्हणतो, "डेप्थ ३०० करतो, खाली २० एमएमच्या ५ टाकतो. लोखंड जवळजवळ दुप्पट झालं, अजून काय पाहिजे?" इंजिनियर "अजिबात नको" म्हणाला आणि फोन ठेवला. कारण कुणी सांगेल का?

कव्हरब्लॉक:
तुमचा इंजिनियर बरोबर आहे, फक्त फोन लवकर ठेवला. मी कराडला आरसीसी डिझाइन करते. सेंट्रिंग लागल्यावर बीम मोठा दिसणं हा आमच्याकडचा नेहमीचा आजार आहे.

आधी आकडे. स्लॅब १२५ मिमी धरते. त्यावर वीटकोबा आणि माणसांचा भार मिळून चौरस मीटरला साधारण ६.६ किलोन्यूटन. दोन्ही बाजूंचा मिळून ३ मीटरचा पट्टा या बीमवर येतो. बीमचं स्वतःचं वजन मिळवा, सुरक्षेसाठी १.५ ने गुणा, मीटरला ३४ किलोन्यूटनच्या आसपास येतात. टोकं नुसती टेकलेली धरली तर मध्यावर मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, १०५ किलोन्यूटन-मीटर.

४५० च्या बीममध्ये वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत ४१० मिमी मिळतात. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम२५ काँक्रीट आणि एफई५०० प्रतीच्या सळईला या मापाची मोमेंटची मर्यादा १२८. आपण आत आहोत. सळई ७०० चौरस मिमी लागते, चार सळ्यांत ८०४ मिळते. आता डेप्थ ३०० केली की ४१० चे २६० होतात, आणि मर्यादेच्या सूत्रात हा आकडा वर्ग होऊन बसलेला असतो. १२८ चे थेट ५२ होतात. भार मात्र जवळपास तेवढाच.

ही मर्यादा कशासाठी? बीम वाकतो तेव्हा खालची सळई ताणली जाते, वरचं काँक्रीट दाबलं जातं. सळई बेताची असेल तर आधी ती लांबते. बीम झुकतो, खाली चिरा उघडतात, प्लास्टर पडतं, टेकू लावायला वेळ मिळतो. सळई कोंबली तर ती ताणायच्या आधीच वरचं काँक्रीट चिरडतं, आणि ते सांगून चिरडत नाही. म्हणून एफई५०० असेल तर न्यूट्रल अ‍ॅक्सिस (वरचा दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा) वरच्या कडेपासून ०.४६ डी च्या पलीकडे जाऊ द्यायचा नसतो; डी म्हणजे वरचं ४१० किंवा २६० चं माप. हिशेबात ती मर्यादा रुंदी गुणिले डी या क्षेत्रफळाच्या ०.९४ टक्के सळईवर येते. तुमच्या ठेकेदाराच्या पाच सळ्या होतात अडीच टक्क्यांच्या वर!

आणि त्या पाच बसणार कुठे? २३० मधून दोन्हीकडचं २५ चं कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) आणि सळ्यांभोवतीची ८ ची रिंग गेली, उरले १६४. सळ्यांनीच १०० खाल्ले. राहिल्या चार फटी, प्रत्येकी १६ मिमीची. खडी २० ची. ती वर अडकणार, खाली नुसती पोकळी, आणि वरून प्लास्टर केलं की कुणाला दिसणारही नाही.

टी_सेक्शन:
ताई, थोडी दुरुस्ती. स्लॅबसोबत एकत्र ओतला की तो टी-बीम होतो. मध्यावर दाब स्लॅबचा रुंद पट्टा घेतो, न्यूट्रल अ‍ॅक्सिस स्लॅबमध्येच राहतो. ५२ ची मर्यादा तिथे लागू नाही.

कव्हरब्लॉक:
मध्यावर मान्य. पण टोकाला बीम कॉलममध्ये गुंतलेला आहे. तिथे ताण वर येतो आणि दाब खाली, आणि खाली स्लॅब नाही, नुसतं २३० रुंदीचं काँक्रीट. भूकंपात हाच भाग आधी मार खातो, आणि कोयनेचा १९६७ चा भूकंप पाटण तालुक्यातलाच. वरही सळई देऊन दुहेरी बीम करता येतो, पण मग तो हिशेब करून करायचा, ठेकेदाराच्या अंदाजाने नाही. शिवाय झुकणं डेप्थच्या घनाने बदलतं. नुसता आयत धरला तरी ४५० चे ३०० केल्यावर बीम सव्वातीन पटीहून जास्त झुकतो. गच्चीवर पाणी साचायला तेवढं पुरतं.

पाटणकर, दिसण्याचाच प्रश्न असेल तर दोन वाटा आहेत. बीमवर भिंत नाही, त्यामुळे रुंदी वाढवायला आडकाठी नाही. ३०० बाय ३७५ केला तर मर्यादा ११२ येते, काठावर पण आत, खाली २० च्या तीन पुरतात. तीन इंच वाचतील. फक्त कॉलमची दिशा बघावी लागेल. दुसरी वाट उलटा बीम. छत सपाट दिसतं, पण स्लॅब बीमच्या तळाला लटकतो, रिंगांवर जास्तीचं ओझं येतं. आणि तुमच्याकडचा पाऊस! गच्चीचं पाणी अडतं, बीममधून आधीच पाइप ठेवावे लागतात. मी पहिली वाट घेईन.

फिटर_अण्णा:
रिंगांचं कुणी बोलंना. भूकंपाच्या भागात कॉलमच्या तोंडापासून डेप्थच्या दुप्पट लांबीत रिंगा जास्तीत जास्त १०० मिमीवर, पहिली ५० च्या आत. हूक १३५ अंशात आत वळवलेला पाहिजे, आमची पोरं ९० वर सोडून चहाला जातात. ओतायच्या आधी स्वतः खाली बसून बघा.

कव्हरब्लॉक:
अण्णांना अनुमोदन. शिअरची (बीम कापू पाहणाऱ्या जोराची) तडसुद्धा न सांगता येते, ती तिरकी तड या रिंगाच धरून ठेवतात. आणि खालचे टेकू किमान १४ दिवस काढू देऊ नका, प्लेटा दुसरीकडे हव्यात म्हणून ठेकेदार घाई करेलच.

पाटणचा_पावसाळी:
सगळ्यांचे आभार. इंजिनियरला ३०० बाय ३७५ विचारलं. कॉलमची दिशा जुळतेय म्हणाला, हिशेब करून शनिवारी नवीन ड्रॉइंग देतोय. उलट्या बीमला आईनेच नाही म्हटलं, गच्चीवर पापड वाळवताना अडखळायला होईल म्हणून. ठेकेदार सेंट्रिंग बदलायचे वेगळे पैसे मागतोय, ते भांडण आता माझं.